‘टीव्ही कलाकारांनी निवडणूक लढवावी का?’ : एका लोकप्रिय विषयाची चिरफाड

संशोधनाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘समाजात चर्चा असलेला विषय घ्या.’ मग ज्या विषयांची यादी तयार होते, त्यात हा असतोच. टीव्हीवरच्या कलाकारांनी निवडणूक लढवावी का? विषय सोपा वाटतो, उदाहरणं सगळ्यांना माहीत असतात, मत तर प्रत्येकाचं तयारच असतं. अडचण नेमकी तिथेच आहे. ज्या विषयावर मत आधीच तयार असतं, त्यावर पुरावा गोळा करणं सगळ्यात कठीण जातं.

माझी शाखा विज्ञानाची, राज्यशास्त्राची नाही. पण पुरावा कधी मानायचा आणि कधी नाही, याचे नियम शाखेप्रमाणे फारसे बदलत नाहीत. म्हणून या विषयावर दोन्ही बाजूंनी जे लिहिलं-बोललं जातं, ते आज आपण तपासून बघू. शेवटी माझं मतही सांगेन. आधी तपासणी, मग मत, हा क्रम मात्र पाळू.

एका प्रश्नात लपलेले तीन प्रश्न

‘लढवावी का’ या शब्दांत तीन वेगळे प्रश्न कोंबलेले आहेत.

पहिला हक्काचा: त्यांना लढवू द्यावं का? दुसरा कार्यकारणभावाचा: टीव्हीवरच्या प्रसिद्धीमुळे खरोखर मतं मिळतात का? तिसरा परिणामाचा: निवडून आल्यावर ते काम कसं करतात?

पहिल्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर दोन ओळींत संपतं. संविधानाच्या ८४व्या कलमानुसार लोकसभेसाठी भारताचं नागरिकत्व आणि किमान २५ वर्षं वय लागतं. शपथ घ्यावी लागते आणि संसदेने कायद्याने ठरवलेल्या अटी पाळाव्या लागतात. व्यवसायाचा उल्लेख कुठेच नाही. डॉक्टर, शेतकरी, वकील, पहिलवान लढू शकतो तर नटही लढू शकतो. कायदा असा आहे म्हणून तो योग्यच आहे असं सिद्ध होत नाही, हे खरं. पण ‘बंदी घाला’ म्हणणाऱ्याला मग हेही सांगावं लागेल की बाकी कुठल्या व्यवसायांवर बंदी घालायची आणि कुठल्या निकषावर. तिथे बहुतेकांची गाडी अडते.

दुसरा आणि तिसरा प्रश्न मात्र मोजमापाचे आहेत. आपल्याकडचे बहुतेक लेख पहिल्या प्रश्नाबद्दल सुरू होतात, दुसऱ्याची उदाहरणं देतात आणि तिसऱ्यावर निकाल देऊन मोकळे होतात. तुमच्या आराखड्यात असं झालं, तर समितीतला कोणीतरी पहिल्या पाच मिनिटांत विचारेल, ‘तुम्ही नक्की काय मोजताय?’

जिंकलेलेच का आठवतात?

या विषयावरचं कुठलंही भाषण ऐका. ‘रामायण’ येणारच. मालिका १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर आली आणि १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया बडोद्यातून, तर रावणाची भूमिका करणारे अरविंद त्रिवेदी साबरकांठातून निवडून आले. दोघंही भाजपचे उमेदवार. ‘महाभारता’तले कृष्ण, म्हणजे नितीश भारद्वाज, १९९६ मध्ये जमशेदपूरमधून जिंकले. निष्कर्ष तयार: पडद्यावर देव व्हा, लोक मत देतात.

थांबा. रावणही जिंकला ना? भूमिकेच्या पुण्याईवर मतं मिळत असती तर रावणाचं डिपॉझिट जायला हवं होतं. आणि त्या वर्षी गुजरातमध्ये काय घडलं ते बघा: २६ पैकी २० जागा भाजपने जिंकल्या. म्हणजे त्या राज्यात त्या वर्षी भाजपच्या तिकिटावर उभा राहिलेला कोणताही उमेदवार जिंकण्याची शक्यता तशीही दणदणीत होती. टीव्हीचा वाटा यातून किती वेगळा काढायचा? भारद्वाज यांची पुढची गोष्ट भाषणात कोणी सांगत नाही. १९९९ मध्ये ते मध्य प्रदेशातल्या राजगढमधून हरले.

आता जे आठवत नाहीत त्यांच्याकडे येऊ. आदेश बांदेकर. ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम २००४ पासूनचा. महाराष्ट्रात घराघरांत ‘भावोजी’ म्हणून जी ओळख त्यांना मिळाली, तशी जवळीक फार थोड्या कलाकारांच्या वाट्याला येते. २००९ मध्ये ते माहीममधून शिवसेनेतर्फे विधानसभेला उभे राहिले, आणि हरले. जागा मनसेच्या नितीन सरदेसाईंनी घेतली. स्मृती इराणी २००४ मध्ये दिल्लीच्या चांदनी चौकातून उभ्या होत्या, तेव्हा ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ऐन भरात होती. कपिल सिब्बल यांच्याकडून त्या हरल्या. २०२४ च्या विधानसभेला वर्सोव्यातून ‘बिग बॉस’मुळे ओळख मिळालेले एजाज खान उभे होते. इन्स्टाग्रामवर पन्नास लाखांहून जास्त फॉलोअर्स, मतं १५५. ‘नोटा’ला त्यांच्यापेक्षा जास्त मतं पडली.

याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात: उरलेल्यांकडे बघून नियम बांधायचा आणि गळालेल्यांना मोजायचंच नाही. त्यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण एकच आहे. छेद पूर्ण लिहा. किती कलाकार जिंकले हे निम्मं वाक्य झालं. किती उभे राहिले त्यांपैकी किती जिंकले, हे पूर्ण वाक्य. निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांत प्रत्येक उमेदवाराची मतं असतात, डिपॉझिट गमावलेल्यांचीसुद्धा. अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी केंद्राने हीच माहिती ‘लोक ढाबा’ या संचात वापरण्याजोगी करून ठेवली आहे. कलाकार कोण हे मात्र तुम्हाला स्वतः ठरवावं लागेल. ‘टीव्ही कलाकार’ म्हणजे मालिकेत काम करणारा, की परीक्षक, की रिअ‍ॅलिटी शोमधला स्पर्धक? किती वर्षांपूर्वीपर्यंत पडद्यावर असलेला? ही व्याख्या निकाल बघण्याआधी लिहून ठेवा. निकाल बघून व्याख्या केली की ती आपोआप आपल्या बाजूने वाकते.

आधी काय झालं, नंतर काय झालं

पंजाबचं एक उदाहरण वर्गात शिकवण्यासारखं आहे. २००५ मध्ये ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ हा कार्यक्रम आला. परीक्षकांच्या खुर्चीत नवज्योतसिंग सिद्धू, स्पर्धकांमध्ये भगवंत मान. पुढे दोघंही राजकारणातली मोठी नावं झाली. २०२२ मध्ये मान पंजाबचे मुख्यमंत्री झाले आणि त्याच निवडणुकीत सिद्धू अमृतसर पूर्वमधून हरले.

‘एकच कार्यक्रम, दोन नेते’ अशी हेडलाईन छान होते. पण तारखा लावून बघा. सिद्धू २००४ मध्येच अमृतसरचे खासदार झाले होते, म्हणजे कार्यक्रमाच्या आधी, आणि तेही क्रिकेटमधल्या नावासह. त्यांच्या खासदारकीचं कारण हा कार्यक्रम असूच शकत नाही. मान यांची पहिली निवडणूक २०१२ ची, पीपल्स पार्टी ऑफ पंजाबतर्फे लेहरामधून. तीत ते हरले. २०१४ मध्ये आम आदमी पक्षातर्फे संगरूरमधून दोन लाखांहून अधिक मतांनी जिंकले. या दोन वर्षांत त्यांची टीव्हीवरची ओळख काही अचानक दुप्पट झाली नव्हती. बदलला तो पक्ष आणि बदललं ते राज्यातलं वातावरण.

कारण आधी, परिणाम नंतर, हा नियम आपल्याला इतका उघड वाटतो की आपण तो तपासतच नाही. कुठलंही उदाहरण आराखड्यात घालण्यापूर्वी त्याच्यासमोर दोन तारखा लिहा. बरीच उदाहरणं तिथेच गळतात.

शिरूर: आपल्या जवळचं आणि म्हणून फसवं

मराठी वाचकाच्या मनात या विषयावर पहिलं नाव येतं ते डॉ. अमोल कोल्हे यांचं. ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेत शिवाजी महाराज, ‘स्वराज्यरक्षक संभाजी’मध्ये संभाजी महाराज. दुसरी मालिका २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी ती चालूच होती. शिरूरमध्ये त्यांनी शिवाजीराव आढळराव पाटलांना ५८,४८३ मतांनी हरवलं. त्याच आढळरावांनी २०१४ मध्ये हीच जागा तीन लाखांहून अधिक मतांनी जिंकली होती. केवढा हा उलटफेर! मालिकेचा विजय, आणखी काय?

आता एकेक गोष्ट सुटी करू.

कोल्हे मूळचे नारायणगावचे, म्हणजे याच मतदारसंघातले. स्थानिक असण्याचा फायदा वेगळा मोजायला हवा. आढळराव सलग तीन वेळचे खासदार होते. इतक्या काळात नाराजी साचते, तीही वेगळी मोजायला हवी. बैलगाडा शर्यतीवरची बंदी, चाकणची वाहतूक असे विषय त्या भागात तापलेले होते. शिवाय भूमिका आणि भूगोल यांची गाठ पडलेली आहे: शिवनेरी याच मतदारसंघात, वढू बुद्रुक आणि तुळापूरही याच भागात. संभाजी महाराजांची भूमिका करणारा नट दुसऱ्या एखाद्या मतदारसंघात उभा राहिला असता, तर तोच परिणाम दिसला असता का? हा ‘असता तर’वाला प्रश्न म्हणजेच काउंटरफॅक्च्युअल. त्याचं उत्तर एका मतदारसंघाच्या एका निकालातून कधीच मिळत नाही.

पुढे २०२४. रोजची मालिका २०२० मध्येच संपलेली. पक्ष फुटलेला. समोर पुन्हा आढळराव, या वेळी अजित पवारांच्या राष्ट्रवादीतर्फे. कोल्हे १,४०,९५१ मतांनी जिंकले. मालिका चालू असताना ५८ हजार आणि बंद असताना १ लाख ४० हजार! मग टीव्हीचा परिणाम उलटा होतो, असं म्हणायचं? अर्थातच नाही. मधल्या काळात ते विद्यमान खासदार झाले होते, फुटीनंतरच्या सहानुभूतीचा मुद्दा होता, आणि ‘शिवपुत्र संभाजी’ या महानाट्यातून ते लोकांसमोर येतही होते. म्हणजे २०२४ साठी ‘प्रसिद्धी शून्य’ असं तुम्हाला लिहिता येणार नाही. ज्या आकड्यांवरून दोन परस्परविरोधी निष्कर्ष तितक्याच सहजपणे निघतात, ते आकडे त्या प्रश्नाचा पुरावा नसतात. एवढं एक वाक्य वहीत लिहून ठेवा.

असाच सापळा मेरठचा. ‘रामायणा’तले राम, अरुण गोविल, २०२४ मध्ये तिथून १०,५८५ मतांनी जिंकले. २०१९ मध्ये भाजपचेच राजेंद्र अग्रवाल इथून अवघ्या ४,७२९ मतांनी जिंकले होते. उत्तर प्रदेशात पक्षाच्या जागा ६२ वरून ३३ वर आल्या असताना इथे मताधिक्य दुपटीने वाढलं, म्हणजे रामाची कृपा! पण मिळालेली मतं बघा. अग्रवालांना २०१९ मध्ये ५,८६,१८४, गोविल यांना २०२४ मध्ये ५,४६,४६९. मतं जवळजवळ चाळीस हजारांनी कमी झाली. मताधिक्य वाढलं, कारण २०१९ मध्ये सप आणि बसप एकत्र होते आणि २०२४ मध्ये वेगळे लढले, त्यामुळे समोरची मतं विभागली. मताधिक्य हे दोन उमेदवारांमधलं अंतर असतं. एका उमेदवाराची लोकप्रियता मोजायला ते वापरलं की अशी फसगत होते. आपण काय मोजतोय आणि कशासाठी, हे आधी ठरवा.

मग कोणी नीट मोजलंय का?

मोजलंय. दोन अभ्यास बघू आणि त्यांच्यावरही टीका करू. चांगला पेपर वाचायचा तो असाच.

पहिला युंजी किम आणि शॉन पॅटरसन यांचा, ‘अमेरिकन पॉलिटिकल सायन्स रिव्ह्यू’मधला. प्रश्न: ‘द अप्रेंटिस’ या कार्यक्रमामुळे डोनाल्ड ट्रम्प यांना मतं मिळाली का? अडचण उघड आहे. ज्यांना ट्रम्प आधीच आवडायचे, तेच कार्यक्रम जास्त बघत असतील तर? मग कार्यक्रम आणि मत यांचा संबंध दिसेल, पण कारण तिसरंच असेल. त्यांनी युक्ती केली ती अशी: टीव्हीवर एका कार्यक्रमानंतर लोक रिमोटला हात न लावता पुढचाही बघतात. म्हणून ‘अप्रेंटिस’च्या आधी त्याच एनबीसी वाहिनीवर लागणारे कार्यक्रम जिथे जास्त बघितले जायचे, तिथे ‘अप्रेंटिस’ही जास्त बघितला गेला, आणि हे ट्रम्प आवडतात म्हणून झालेलं नव्हतं. या ‘उरलेल्या’ प्रेक्षकसंख्येचा वापर करून त्यांनी दाखवलं की २०१६ च्या रिपब्लिकन प्रायमरीत अशा भागांत ट्रम्प यांना जास्त मतं मिळाली. याला इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल म्हणतात. नाव जड आहे, कल्पना साधी: ज्याचा कारणाशी संबंध आहे पण परिणामाशी थेट संबंध नाही, असं काहीतरी शोधा.

टीका कुठे करायची? ‘थेट संबंध नाही’ या गृहीतकावर. आधीचे कार्यक्रम बघणारे लोक आणखी कुठल्या कारणाने ट्रम्प यांच्याकडे झुकणारे असतील का? लेखकांनी याची उत्तरं द्यायचा प्रयत्न केलाय, पण असं गृहीतक पूर्णपणे सिद्ध कधीच होत नाही. ते पटतं किंवा पटत नाही. दुसरं म्हणजे प्रायमरीत एकाच पक्षाचे बरेच उमेदवार असतात, पक्षाचं लेबल कामाला येत नाही, म्हणून ओळखीचा चेहरा जास्त उपयोगी पडतो. चिन्हावर शिक्का मारायच्या आपल्या निवडणुकीत तोच परिणाम दिसेलच असं नाही.

दुसरा अभ्यास दुरांते, पिनोत्ती आणि तेसेई या तीन अर्थतज्ज्ञांचा, २०१९ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त आलेला. इटलीत बर्लुस्कोनी यांच्या मीडियासेट वाहिन्यांचं प्रसारण १९८० च्या दशकात काही भागांत लवकर पोचलं, काही भागांत उशिरा. सुरुवातीच्या त्या काळात वाहिन्यांवर मनोरंजनच होतं, बातम्या नव्हत्या. बर्लुस्कोनी राजकारणात आले १९९४ मध्ये. तरीही जिथे प्रसारण लवकर पोचलं होतं, तिथे त्यांच्या पक्षाला जवळजवळ एक टक्का जास्त मतं मिळाली आणि हा फरक पुढच्या निवडणुकांमध्येही टिकला. लेखकांचं म्हणणं, लहानपणी हे मनोरंजन बघत वाढलेली पिढी पुढे नागरी बाबतीत कमी जागरूक आणि लोकानुनयी भाषेला जास्त बळी पडणारी निघाली.

विचार करायला लावणारा निष्कर्ष आहे. पण आपल्या प्रश्नाशी तो किती जुळतो? बर्लुस्कोनी टीव्हीचे कलाकार नव्हते, मालक होते. हा अभ्यास उमेदवाराच्या ओळखीबद्दल काही सांगत नाही. मनोरंजनाचा मतदारावर काय परिणाम होतो हे सांगतो. अनेक लेखांत दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बसवलेल्या दिसतात. संदर्भ देताना स्वतःला विचारा: या पेपरचा प्रश्न आणि माझा प्रश्न एकच आहे का?

आणि ‘एक टक्का’ हा आकडाही लक्षात ठेवा. काळजीपूर्वक मोजलं की परिणाम बहुधा असे छोटे निघतात. भाषणातल्या ‘टीव्हीमुळेच जिंकले’ या वाक्यातला ‘च’ पेपरमध्ये टिकत नाही.

काम कसं करतात, हे कसं मोजायचं?

तिसऱ्या प्रश्नावर विद्यार्थी लगेच पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चच्या संकेतस्थळावर जातात. खासदारांची हजेरी, विचारलेले प्रश्न, चर्चेतला सहभाग, सगळं तिथे मिळतं. चांगली माहिती आहे, पण एक खाच आहे. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि मंत्री म्हणून प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. म्हणजे स्मृती इराणी यांच्यासारखी व्यक्ती मंत्रिपदाच्या काळात तुमच्या तक्त्यात रिकामी दिसेल. रिकाम्या जागेत शून्य भरलंत तर सगळ्यात वर चढलेला कलाकार सगळ्यात निकामी ठरेल. ती ओळ गाळलीत तर उरलेल्या नमुन्यात फक्त मंत्री न झालेले राहतील. दोन्हीकडून गोची. नाहीशी झालेली माहिती अपघाताने नाहीशी झालेली नसते, याचं हे चांगलं उदाहरण.

शिवाय तुलना कोणाशी करायची? ‘कलाकार खासदार कमी प्रश्न विचारतात’ या वाक्याला पुढचं निम्मं हवं: कोणापेक्षा? पहिल्यांदा निवडून आलेल्यांची तुलना पहिल्यांदा निवडून आलेल्यांशी, त्याच पक्षातल्यांशी, त्याच राज्यातल्यांशी करा. ‘अनुभव नाही’ हा आक्षेप तर वडिलांच्या जागेवर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या मुलालाही लागू होतो. तो फक्त नटाला लावणं म्हणजे निकष नव्हे, चीड आहे.

माझं मत

आता कबूल केल्याप्रमाणे.

लढवावी. बंदीची भाषा मला पटत नाही. मतदाराला पडदा आणि माणूस यांतला फरक कळत नाही, हे गृहीतकच वरच्या उदाहरणांत टिकत नाही. रावण जिंकतो, भावोजी हरतात, तुळशी पहिल्या निवडणुकीत हरते. २०१४ मध्ये अमेठीत स्मृती इराणी हरल्या, २०१९ मध्ये ५५,१२० मतांनी जिंकल्या, २०२४ मध्ये १,६७,१९६ मतांनी पुन्हा हरल्या. हा मतदार भोळा वाटत नाही.

पण दोन ठिकाणी माझा आक्षेप आहे आणि तो कलाकारापेक्षा व्यवस्थेवर आहे.

एक, पडद्यावरचा वेळ. २०१९ मध्ये महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ७० लाख रुपये होती. एखादा उमेदवार प्रचाराच्या दिवसांतही रोज रात्री घराघरांत दिसत असेल, तर त्या दिसण्याची किंमत या मर्यादेत कशी धरायची? अमेरिकेत १९३४ च्या संपर्क कायद्याच्या ३१५व्या कलमाने एका उमेदवाराला प्रसारणात वेळ दिला तर इतरांनाही तशीच संधी देण्याचं बंधन आहे. बातम्यांना त्यातून सूट आहे, मनोरंजनाच्या कार्यक्रमांना तशी सरसकट सूट नाही. या बाबतीत सगळ्यात टोकाचं उदाहरण युक्रेनचं. व्होलोदिमिर झेलेन्स्की यांनी ‘सर्व्हंट ऑफ द पीपल’ मालिकेत अचानक राष्ट्राध्यक्ष झालेल्या शिक्षकाची भूमिका केली, पक्षाला मालिकेचंच नाव दिलं, तिसरा सीझन मार्च २०१९ मध्ये पहिल्या फेरीच्या मतदानाच्या आठवड्यातच सुरू झाला आणि एप्रिलमधल्या दुसऱ्या फेरीत त्यांना ७३ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. पुढे युद्धकाळात त्यांनी काय केलं यावरून २०१९ मधली ती पद्धत बरोबर ठरत नाही आणि चूकही ठरत नाही. परिणामावरून पद्धतीला गुण द्यायचे नसतात, हे प्रयोगशाळेतही खरं आहे.

दोन, तिकीट. उमेदवार मतदार निवडत नाही, पक्ष निवडतो. वर्षानुवर्षं सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला डावलून निवडणुकीच्या तोंडावर आलेल्या चेहऱ्याला तिकीट मिळतं, तेव्हा नुकसान एका माणसाचं होत नाही. वॉर्डात काम करून वर जाता येतं, हा विश्वासच जातो. हे नुकसान अजून मोजायचं राहिलंय असं मला वाटतं, आणि मोजता येण्यासारखं आहे.

तुम्ही काय करू शकता

टीआरपीवरून मतदारसंघाचा निष्कर्ष काढायला जाऊ नका. बार्कची आकडेवारी ‘महाराष्ट्र-गोवा’ अशा मोठ्या बाजारपेठांची मिळते. त्यावरून शिरूरमध्ये किती घरांत मालिका लागायची हे सांगता येत नाही. एका राज्याचा आकडा मतदारसंघाला चिकटवणं ही चूक परीक्षक पकडतातच.

त्याऐवजी प्रश्न लहान करा. उदाहरणार्थ: ‘२००९ ते २०२४ या काळात महाराष्ट्रात ज्या मतदारसंघांत एखाद्या प्रमुख पक्षाने टीव्ही कलाकाराला तिकीट दिलं, तिथे पुढच्या निवडणुकीत त्या पक्षाचे किती स्थानिक पदाधिकारी पक्षात राहिले?’ किंवा, ‘त्याच दिवशी, त्याच बूथवर लोकसभा आणि विधानसभा दोन्हींचं मतदान झालं, अशा ठिकाणी कलाकार उमेदवाराची मतं पक्षाच्या दुसऱ्या उमेदवारापेक्षा किती वेगळी होती?’ दुसऱ्या प्रश्नात मतदार तेच, पक्ष तोच, लाट तीच, फरक उमेदवाराचा. बूथनिहाय मतं फॉर्म २० मध्ये असतात आणि राज्यांच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळांवर मिळतात. महाराष्ट्रात आता या दोन निवडणुका वेगळ्या होतात, म्हणून आंध्र प्रदेश किंवा ओडिशाकडे बघावं लागेल. तिथे पुरेसे टीव्ही कलाकार उमेदवार सापडले नाहीत तर प्रश्न बदलावा लागेल. हे आराखडा लिहिण्यापूर्वी एका दुपारीत तपासून होतं. तपासा, कारण दोन वर्षांनी कळलं तर ती दोन वर्षं तुमची जातात.

‘लढवावी का’ असा विषय घेऊन मार्गदर्शकांकडे गेलात तर ते हो किंवा नाही म्हणतील. ‘याच बूथवर याच दिवशी किती फरक पडला’ असा प्रश्न घेऊन गेलात, तर ते बहुधा खुर्ची पुढे ओढून विचारतील, ‘डेटा कुठे मिळेल?’ त्याचं उत्तर तयार ठेवा.